बिनमालकाची शिफ्ट

आमच्या घरमालकांच्या घरात घड्याळं सात होती आणि वेळा फक्त तीन. ए, बी आणि सी. सकाळी सहा ते दुपारी दोन ए शिफ्ट, दोन ते रात्री दहा बी, आणि दहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत सी. भिलाईत स्टील प्लांटमधली निम्मी माणसं अशीच जगतात, पण गेटाबाहेर पडली की माणसात येतात. आमचे घरमालक, काकाजी, पस्तीस वर्षं पंप हाउसात पाणी ढकलून रिटायर झाले, गेटाबाहेर पडले, आणि येताना गेट सोबत घेऊन आले.

मंगळवारी पहाटे पाच वाजता त्यांच्यासमोर मंगळवारचं नाव काढायची सोय नव्हती. "अजून सोमवारची सी चालू हाय राजा. मंगळवार सहाले लागते." गल्लीतला एक म्हातारा असाच एका मंगळवारी पहाटे साडेचारला गेला. काकाजी सगळ्यांच्या आधी पोचले आणि घरच्यांना ठासून सांगून आले की बाबा सोमवारी गेले. त्या घरात थोरला भाऊ प्लांटमध्ये आणि धाकटा किराणा दुकानात. थोरल्याला ते पटलं, धाकट्याला पटलं नाही. शेवटी तेरवी दोनदा झाली. मी दोन्हीकडे जेवलो. दुसरीतले वडे जास्त चांगले होते.

माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराच्या पुढल्या खोलीत. पावर हाउसच्या बाजारापासून थुंकलं तर पोचेल इतक्या अंतरावर, शटर रस्त्याकडे. खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, कमाई विचारली नाही. "शिफ्ट कोनती?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, सकाळी दहा ते रात्री आठ. काकाजी माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की जसा मी जन्मापासूनच आजारी असावा. "म्हंजे अर्धी ए अन् बहुतेक बी. असा मानूस मी पंप हाउसात उभा राहू देल्ला नसता." पण खोली दिली. भाडं महिन्याला सत्तावीसशे, एक तारखेला आगाऊ.

सत्तावीसशेच का, ते पुढे कळलं. तीस दिवसांच्या महिन्यात शिफ्टा नव्वद, म्हणजे एका शिफ्टचे बरोबर तीस रुपये. ते भाडं महिन्यानं मोजतच नसत, शिफ्टनं मोजत. महिना एकतीसचा आला की माझी शिफ्ट एकोणतीस रुपये आणि काही पैशांवर उतरायची, आणि त्या महिन्यात काकाजी मला असे भेटायचे जसा मी त्यांच्या खिशातून रोज थोडं थोडं काढून राहिलो. उलट फेब्रुवारीत शिफ्ट मला महाग पडते म्हणून हळहळायचे. अख्खा फेब्रुवारी रोज चार वाजता वरून माझ्यासाठी चहा यायचा. एक मार्चला चहा बंद. बारा वर्षांत यात खाडा नाही. लीप वर्षात चहा एक दिवस जास्त यायचा, पण साखर जरा कमी असायची.

घराचं एक लॉगबुक होतं. तुम्ही म्हणाल वही असेल. वही नव्हे, पंप हाउसात असतं तसं लांबट, रेघा मारलेलं, पुठ्ठ्याचं लॉगबुक. दर शिफ्टला एक नोंद. टाकी फुल. पंप चालू. मीटर इतकं. सगळ्यात खाली माझी नोंद: "दुकान चालू. माणूस बसून." पाऊस असो, लग्नसराई असो, माझ्यापुढे मशिनींचा डोंगर असो, माझी नोंद एकच. एकदा मी जाऊन तक्रार केली की काकाजी, मी बसलेलो नसतो, कामं करून राहिलो असतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बसून करतो ना? मंग." लॉगबुकात नाही ते झालंच नाही, आणि आहे ते झालंच, हा त्यांचा धर्म होता. काकू सांगायच्या, देवाची आरती झाली की नाही हेसुद्धा लॉगबुकात पाहून ठरवतात.

आता त्यांचा वीकली ऑफ. गुरुवार. गुरुवारी ते मालक नसत. गुरुवारी सकाळी सहानंतर नळ फुटला, स्लॅब गळला, शटर अडकलं, काही उपयोग नाही. "आज माही सुटी हाय. उद्या ए शिफ्टले सांग." पण गंमत पुढेच आहे. गुरुवारी हेच काकाजी बनियनवर खाली यायचे, माझ्या बाकावर बसायचे, सुपारी कातरायचे, आणि छताकडे पाहून म्हणायचे, "कितीक दिवसांचं गळून राहिलं हे?" मी म्हणायचो, दोन पावसाळे झाले. "मालकाले सांगतलं नाही?" सांगतलं. "काय म्हने?" काही नाही म्हने. काकाजी मान हलवायचे. "हरामखोर हाय तो." आणि तासभर आम्ही दोघं मिळून मालकाला शिव्या घालायचो. माझ्यापेक्षा त्यांच्या शिव्या जास्त नेमक्या असायच्या, कारण मालकाबद्दल त्यांना आतली माहिती होती. शुक्रवारी सकाळी सहाला ते पुन्हा मालक व्हायचे आणि छत गळतच राहायचं.

या सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत होतं. पंप हाउसात पंप थांबला की भट्टीचं पाणी थांबतं, आणि भट्टीचं पाणी थांबलं की काय होतं ते सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. म्हणून तिथे नियम: पुढच्या शिफ्टचा माणूस, रिलीव्हर, येऊन एकेक वस्तू पाहून लॉगबुकावर सही करत नाही, तोपर्यंत आधीच्यानं जागा सोडायची नाही. याला म्हणतात चार्ज देणं. रिलीव्हर आला नाही तर पुढली शिफ्टही तुझी. डबल ड्यूटी. "चार्ज देल्याबिगर मानूस सुटत नाही," हे ते इतक्या वेळा म्हणायचे की गल्लीतला पोपटही ते शिकला होता.

त्यांच्या स्वतःच्या लग्नात रिलीव्हर आला नाही. तिकडे वऱ्हाड मांडवात, अंतरपाट धरून माणसांचे हात भरून आलेले, आणि नवरदेव पंपापाशी. रिलीव्हर शेवटी सापडला, तोही मांडवातच, नवरदेवाची वाट पाहत जेवायला बसला होता. काकाजी सायकलवर आले ते हेल्मेट आणि लोखंडी टाचेच्या बुटांसकट. काकू म्हणायच्या, "मुंडावळ्या हेल्मेटावर बांधल्या माह्या माणसाच्या. बुटं तर सप्तपदीतही काढाले तयार नव्हता. तिसऱ्या पावलाले माह्या पायावर पाय देल्ला, तो अंगठा अजून वाकडा हाय." मी अंगठा पाहिला आहे. वाकडा आहे.

तर अशा माणसानं घर विकायला काढलं.

कारण गुडघे. टाकीच्या शिडीवर चढणं होईना, आणि मुलानं बोरसीला घर घेतलं होतं, तळमजल्याचं. घेणारा निघाला कुम्हारीचा एक प्लायवुडवाला शेठ. माणूस गोड. इतका गोड की तो बोलून गेला की बाकावर मुंग्या यायच्या. घर पाहायला आला तेव्हा वरचे मजले त्यानं पायऱ्यांवरूनच पाहिले, आणि माझ्या दुकानात मात्र येऊन भिंती टिचक्या मारून पाहिल्या. रस्त्याकडची रुंदी पावलांनी मोजली. मला विचारलं, "धंदा कैसा है?" मी म्हटलं, ठीक है. तो म्हणाला, "बढ़िया," आणि अशा मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रजिस्ट्री झाली नोव्हेंबरच्या सतरा तारखेला, दुर्गला. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. निघताना काकाजींनी ए शिफ्टची नोंद करून लॉगबुक काखेत मारलं, सातही घड्याळं ताडून पाहिली आणि सगळ्यात खात्रीचं हातात बांधलं. तिथे काकाजींनी कागदावर सही केली तेव्हा त्या घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मग कॉम्प्युटर बंद पडला. सगळे छताकडे पाहत बसले. कॉम्प्युटर सुरू होऊन शेठचा फोटो, अंगठा आणि सही झाली तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं. बाकी सगळ्यांनी पेढे खाल्ले. काकाजी पेढा हातात धरून घड्याळाकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. जसा एखादा बॉबिन हरवलेला शिंपी.

मी नोव्हेंबरचं भाडं एक तारखेलाच त्यांना दिलेलं होतं. आता महिन्याच्या मध्ये मालक बदलला. साधा माणूस म्हणेल, सोळा दिवस तुमचे, चौदा दिवस त्याचे, करा वाटणी. काकाजींनी मात्र तिथेच बाकड्यावर बसून लॉगबुक उघडलं. सतरा तारखेच्या सकाळी सहापर्यंत अठ्ठेचाळीस शिफ्टा निःसंशय त्यांच्या. दुपारी दोनपासून महिनाअखेरपर्यंत एक्केचाळीस निःसंशय शेठच्या. त्या एक्केचाळीस शिफ्टांचे बाराशे तीस रुपये काकाजींनी तिथल्या तिथे मोजले आणि शेठपुढे धरले. "हे तुमच्या वाटनीचं भाडं. लॉगबुकावर सही करा, चार्ज घ्या, मी मोकळा."

शेठनं हात मागे घेतले. "अरे काका, इतनी क्या जल्दी है? रखिए आपके पास." काकाजी म्हणाले, मोजून घ्या. शेठ म्हणाला, आपण काही परके आहोत का. काकाजी म्हणाले, सही करा. शेठ हसला, सगळ्यांच्या पाया पडला आणि गाडीत बसून गेला. पैशाकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, केवढ्या मनाचा माणूस.

पुढचे पंधरा दिवस काकाजी त्या बाराशे तीस रुपयांच्या मागे कुम्हारीला चकरा मारून राहिले. पैसे मागायला माणसं चकरा मारतात हे भिलाईनं पाहिलं होतं. द्यायला मारताना पहिल्यांदा पाहिलं. जाताना बस, येताना बस, आणि प्लायवुडच्या दुकानात कधी शेठ जेवायला गेलेला, कधी रायपूरला, कधी नुकताच समोरून उठून मागच्या दारानं गेलेला. बसभाडंच इतकं झालं की कंडक्टर त्यांना आपला पार्टनर समजू लागला. मी म्हटलं, काकाजी, तो नको म्हणतो तर राहू द्या ना. ते माझ्यावर उखडले. "कावून राहू देऊ? पैसे माहे नोहेत. दुसऱ्याची शिफ्ट मी खिशात घालून फिरू?"

एक डिसेंबरला मी नवं भाडं घेऊन शेठला फोन केला. तो म्हणाला, आधी काकांचा आणि माझा हिशेब होऊ द्या, मग बघू. मी ते येऊन काकाजींना सांगितलं. ते बोरसीला राहायला गेले होते, पण किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या, कारण त्या घ्यायलाही शेठ आला नव्हता. काकाजींनी डोळे मिटले, आणि पस्तीस वर्षं मागे जाऊन परत आले.

"म्हंजे रिलीव्हर नाही आला," ते म्हणाले. "डबल ड्यूटी."

दुसऱ्या दिवसापासून विकलेल्या घराचा मालक पुन्हा ड्यूटीवर. बोरसीहून सकाळी सहाला स्कूटरवर हजर, डोक्यावर हेल्मेट, मागे टिफिन. रिकाम्या घराची टाकी भरायचे. भरलेली टाकी कोणी वापरत नाही म्हणून संध्याकाळी रिकामी करायचे, म्हणजे सकाळी भरता यावी. दहाला कुलूप लावून लॉगबुकात लिहायचे, "सी शिफ्ट: कुलूप ड्यूटीवर." माझ्याकडून डिसेंबरचं भाडं घेतलं आणि पावती दिली: "चार्ज न घेतल्यामुळे डबल ड्यूटीत स्वीकारले." ते पैसे आणि आधीचे बाराशे तीस पार्लेच्या नव्हे, कुठल्याशा जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. जानेवारीचंही तसंच. मी हसत हसत दिले. मला काय, पावती मिळत होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली. शेठकडून. मजकूर गोड नव्हता. नवीन मालकाला सतरा नोव्हेंबरपासून एक रुपया भाडं मिळालेलं नाही, भाडेकरू थकबाकीदार आहे, करारात लिहिल्याप्रमाणे दोन महिन्यांवर भाडं थकलं तर दुकान खाली करायचं, ते करा. त्या दिवशी मला कळलं की त्याला पैसे नको का होते. एक रुपया घेतला असता तर मी त्याचा भाडेकरू झालो असतो. न घेता मी थकबाकीदार झालो होतो. त्याला त्या रुंदीत शोरूम टाकायचं होतं.

मी माझ्या वकिलाकडे धावलो. त्यानं काकाजींच्या दोन्ही पावत्या उलटसुलट पाहिल्या. म्हणाला, "तुम्ही पैसे दिलेत. पण घर विकलेल्या माणसाला दिलेत, आणि घर विकलं हे तुम्हाला माहीत होतं. साक्षीदारच तुम्ही." मग पावत्या माझ्याकडे सरकवून म्हणाला, भांडता येईल, वर्षं लागतील. पण भाडं शेठला पोचलं असा त्याच्या सहीचा एक कागद आणा, मग नोटीस मी चहाच्या कपाखाली ठेवतो.

मी परत येऊन शटर अर्धं उघडून बसलो. बारा वर्षांची जागा. गिऱ्हाईक मला नावानं ओळखत नाही, जागेनं ओळखतं. पावर हाउसचा मशीनवाला. दुसऱ्या गल्लीत गेलो तर मी कोण? घरी बायकोला सांगायचं कसं, याची मी मनात तालीम करून राहिलो होतो, आणि समोर कोणाची तरी पायमशीन पट्टा उतरवून पडली होती.

त्या दिवशी गुरुवार होता. मी काकाजींना बाकावर बसवून नोटीस वाचून दाखवली. म्हटलं, आज तुमचा ऑफ, आज तरी माझ्या बाजूनं बोला.

"डबल ड्यूटीत ऑफ नसते," काकाजी म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा ते गुरुवारी मालक होते. मी वकिलाचं म्हणणं सांगितलं: शेठच्या सहीचा कागद पाहिजे, भाडं मिळालं असा. काकाजींनी सुपारीचं खांड नीट मधोमध कातरलं. "असं का," म्हणाले. आणि टाकी रिकामी करायला गेले. मला इतका राग आला की मी त्यांच्या डोक्यात मशिनीचं शटल फेकून मारणार होतो. हेल्मेट होतं म्हणून सोडलं.

पण शेठलाही एक अडचण होती, आणि ती त्याला उशिरा कळली. शोरूमला कर्ज पाहिजे, कर्जाला कागद पाहिजेत, आणि विजेचं मीटर त्याच्या नावावर व्हायला फॉर्मवर जुन्या मालकाची सही पाहिजे. जानेवारीच्या शेवटी तो स्वतः गाडी घेऊन आला, फॉर्म घेऊन. काकाजी जिन्यात उभे होते.

"सही देतो," काकाजी म्हणाले. "चार्ज घ्या."

"काका, किराया मैं नहीं लूँगा," शेठ म्हणाला. वकिलानं त्याला पढवून पाठवलं होतं.

"भाडं कोन म्हनते? चार्ज म्हनून राहिलो मी. घराचं सामान पहाचं, सही कराची. चाब्या तर पाहिजेत ना तुम्हाले?"

चाब्या पाहिजेत होत्या. शेठनं घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. काकाजींनी त्याच्या डोक्यावर जादा हेल्मेट ठेवलं, कारण टाकीवर जायचं होतं. हेल्मेट मोठं होतं. ते शेठच्या भुवयांवर येऊन बसलं. त्याच्या कानाला फोन, दुसऱ्या टोकाला कर्जवाला. हेल्मेट आणि कान यांच्या मध्ये तो फोन अडकूनच बसला, काढायचीही सोय राहिली नाही. आणि काकाजींनी चार्ज वाचायला सुरुवात केली.

तो आवाज तुम्ही ऐकला नाही. पस्तीस वर्षं पंपाच्या घरघरीत घोटून घोटून त्यातले सगळे चढउतार निघून गेले होते. तो आवाज ऐकत उभा राहिलेला बैलसुद्धा पेंगला असता.

"टुल्लू पंप एक, चालू. टाकी एक, हजार लिटर, झाकन तडकलेलं. शिडी एक. जिना एक. जिन्याखाली मांजर एक, आपली नोहे. चाब्या नऊ, पैकी दोन कशाच्या ते माहीत नाही. दुकान एक, चालू, भाडेकरूसह. डबा एक, आत सहा हजार सहाशे तीस, दुकानाचं भाडं, सतरा नोव्हेंबरच्या बी शिफ्टपासून जानेवारीच्या शेवटल्या सी शिफ्टपर्यंत, भाडेकरूनं वेळेवर देल्लेलं. नळ चार, पैकी एक गळका. बल्ब सहा. तुळस एक..."

माझा श्वास डब्यापाशी अडकला तो तुळशीपर्यंत सुटला नाही. शेठ फोनवर व्याजदर कमी करून राहिला होता. काकाजींनी चाब्या त्याच्या हातात ठेवल्या, डबा काखेत दिला, लॉगबुक पुढे धरलं. शेठनं तीन ठिकाणी सही केली. प्लांटमध्ये काम केलेला माणूस असता तर चार्जच्या सहीआधी आपल्या बापालाही बाजूला सारून एकेक ओळ वाचली असती. ती सही माणसाची नोकरी खाते. शेठ प्लायवुडमधला. तिथे सगळं वरच्या थरावर चालतं.

मग काकाजींनी मीटरच्या फॉर्मवर सही केली, चार्जच्या कागदाची एक कार्बन कॉपी शेठला दिली, एक स्वतःकडे ठेवली आणि एक मला. "तू चार्जमधला आयटम हायेस," म्हणाले. "तुह्याजवळ पाहिजे."

डबा शेठनं घरी जाऊन उघडला. दुसऱ्या दिवशी बी शिफ्ट लागायच्या आत तो परत आला, आणि त्या दिवशी बाकावर मुंग्या आल्या नाहीत. पण काकाजी ड्यूटीवर नव्हते. सुटले होते. माझ्या वकिलानं कार्बन कॉपी वाचली, शेवटी मांजरापाशी थांबून एकदा हसला, आणि खरंच नोटिशीवर चहाचा कप ठेवला. शेठचा वकील पुन्हा काही लिहिता झाला नाही. पुढे शेठनं भाडं वाढवलं, मी दिलं, त्यानं मुकाट्यानं घेतलं. दुकान अजून तिथेच आहे.

मला एकच गोष्ट खात खात राहिली. ती मी त्याच आठवड्यात बोरसीला जाऊन विचारली. काकाजी खाटेवर बसले होते, हेल्मेट खुंटीला. मी म्हटलं, खरं सांगा, डब्यातलं भाडं तुम्ही त्या यादीत मुद्दाम घातलं ना? वकिलाचं ऐकून?

त्यांना इतकं लागलं की काकू पाणी घेऊन आल्या. "लॉगबुकात मुद्दाम काही लिहित नाही राजा," ते म्हणाले. "झालं ते लिहितो."

मी आजपर्यंत ठरवू शकलो नाही. काकूंकडे पाहिलं तर त्या आपल्या वाकड्या अंगठ्याकडे पाहत होत्या.

निघताना त्यांनी मला थांबवलं आणि खिशातून एक पाकीट काढलं. आत तीस रुपये आणि एक पावती. मी म्हटलं हे काय. ते म्हणाले, एक शिफ्ट उरली होती. सतरा नोव्हेंबरची ए. मला वाटलं आता पुन्हा कुम्हारीची बस.

"मी सही केली एक पन्नासले," काकाजी म्हणाले. "दहा मिनिटं आधी शिफ्ट सोडली. आधी सोडली की हजेरी कटते. म्हंजे ते शिफ्ट माही नाही. त्यानं सही केली दोन पाचले, म्हंजे त्याची सुरुवात बीपासून. मंग ए कोनाची?" त्यांनी दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे. "कोनाचीच नाही. लई दिवस पाहून राहिलो, सापडलं नाही. त्या आठ तासांत तुले मालक नव्हता राजा. मंग भाडं कशाचं?"

मी पाकीट घेतलं. घरं विकली जातात, मालक बदलतात, मोठमोठे वकील दिवसांची वाटणी करतात; भाडेकरूचे आठ तास त्याला परत देणारा मी एकच पाहिला. जाता जाता सहज म्हटलं, त्या शिफ्टची नोंद तरी दाखवा. त्यांनी लॉगबुक उघडलं, सतरा तारीख काढली, दुर्गला निघायच्या आधी लिहिलेली. बारा वर्षं प्रत्येक पानावर माझी एकच ओळ होती. या पानावर वेगळी होती, आणि तेव्हा तर कोणालाच काही माहीत नव्हतं, मलाही नाही, त्यांनाही नाही.

टाकी फुल. पंप चालू. दुकान चालू. माणूस गाणं म्हणून राहिला.